व्हाउचर आलं तर वाडीतल्या झेडपी शाळेचं काय होईल?

देवगड तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. ते गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, झेडपी शाळेचा पट १८. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सरकार म्हणे आमच्या एकेका पोरावर वर्षाला ऐंशी-नव्वद हजार घालवतं, मग तेच पैसे व्हाउचर करून पालकांच्या हातात का देत नाहीत, पालक हवी ती शाळा निवडेल, आणि गिऱ्हाईक चाललंय म्हटल्यावर झेडपीवाले पण जागे होतील, परदेशात असंच करतात ना.

प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारा माणूस शाळेच्या मुळावर उठलेला नाही हे पण दिसतंय. मी आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि निवृत्त होईपर्यंत केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा, सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, बरीचशी राजापूर-लांज्याकडे. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून या विषयावर बोलणाऱ्यांपेक्षा माझं उत्तर वेगळं येणार, आणि थोडं लांबणार पण.

आधी तो ऐंशी-नव्वद हजाराचा आकडा घेऊ कारण सगळा घोळ तिथेच आहे. आकडा खोटा नाही, पण तो पोराचा खर्च नाहीच मुळी, तो शाळेचा खर्च आहे आणि त्याला पोरांनी भागलंय. हिशोब मांडून बघा. दोन शिक्षक, दोघंही जुने, पगार धरा महिना ६५ हजार प्रत्येकी. वर्षाचे झाले १५ लाख ६० हजार. भागिले १८, आले ८६ हजार सहाशे-सातशे. आता समजा व्हाउचर आलं आणि ६ पोरं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला गेली. उरली १२. पगार तेवढाच, लाईट बिल तेवढंच, खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं मानधन तेवढंच, पावसाआधी परतायची कौलं पण तेवढीच. म्हणजे आता प्रति पोर १ लाख ३० हजार. त्यावर गेलेल्या ६ जणांचं व्हाउचर वेगळं द्यायचं. शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) खाजगी शाळांत गरिबांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर गेलेल्या मुलामागे आपलं सरकार खाजगी शाळेला वर्षाला १७,६७० रुपये देतं, तोच दर धरला तरी १ लाख ६ हजार वरचे. मग खर्च कमी झाला की वाढला ते तुम्हीच सांगा. आणि पुढच्या वर्षी पेपरात बातमी येणार की झेडपीत एका पोरावर सव्वा लाख उडवतात, बंद करा असल्या शाळा.

एसटीच्या मुक्कामाच्या गाडीचं जसं असतं ना, दहा माणसं बसली काय नि चाळीस बसली काय, डिझेल तेवढंच, तसं वाडीतल्या शाळेचं आहे. शहरात शंभर पोरं कमी झाली तर दोन-तीन तुकड्या कमी होतात, तेवढे शिक्षक दुसरीकडे जातात, थोडीफार बचत होते. आपल्याकडे बचत व्हायला दोनच वाटा, एक तर दोनातला एक मास्तर काढा नाहीतर शाळेला कुलूप लावा. मधली वाट नाही.

आणि हे कोणी घाबरवण्यासाठी सांगतंय असं समजू नका, व्हाउचर न येताच आपण त्या दिशेला चाललोय. शिक्षण हक्क कायद्यात ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत. पण सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करायचं, पत्र निघालं तेव्हा २० च्या आत पट असलेल्या शाळा राज्यभरात १४,७८३ असा हिशोब मांडला होता, सूर असा की एवढ्या शाळा चालवायच्या कशाला. मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, जीआरमध्ये कमी पटाच्या शाळांवर कुऱ्हाड आली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळेत दोनातलं एक पद कंत्राटी, १५ हजार मानधनावर भरायचं काढलं, पुढे ते मागे पण घेतलं. म्हणजे १८ चा पट १२ वर येणं हा नुसता आकडा नाही, त्याच्यात एका मास्तराची खुर्ची असते.

एक मास्तर राहिला की काय होतं हे मी केंद्रात फिरताना पाहिलंय. चार इयत्ता एका खोलीत, पहिलीची दोन पोरं अजून रडतायत, चौथीच्या मुलीला भागाकार अडलाय, तेवढ्यात तांदूळ किती काढायचा विचारायला ताई दारात, त्याचा आकडा दुपारपर्यंत मोबाईलवर भरायचा, तो रेंज नाही म्हणून समोरच्या कातळावर जाऊन भरायचा. आणि महिन्यातून दोन-तीनदा तालुक्याला मीटिंग. निवडणूक जवळ आली की मतदार यादीचं काम. ज्या दिवशी मास्तर मीटिंगला त्या दिवशी शाळा म्हणजे चौथीतली मोठी मुलगी पाढे म्हणून घेते, बस. मग पालक म्हणतो इथे शिकवतच नाहीत, आणि उरलेल्या १२ तली अजून ४ जातात. पालक चुकीचं बोलत नसतो. पण सुरुवात कुठून झाली ते बघा ना.

आता स्पर्धेचा मुद्दा. व्हाउचरवाल्यांचं मूळ तत्त्व काय, तर पैसा पोरामागे जावा म्हणजे शाळेला भीती राहील. अहो, आपल्या राज्यात पैसा पोरामागेच जातो, कित्येक वर्षं. ३० सप्टेंबरचा पट बघून संच मान्यता होते, म्हणजे किती शिक्षक ते पटावर ठरतं. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत पोरं असतील तर वर्षाला १० हजार, त्यात खडूपासून लाईट बिलापर्यंत सगळं. मग त्या भीतीने शाळा सुधारल्या का? थोड्या सुधारल्या, नाही म्हणणार नाही, सेमी इंग्रजी आलं, डिजिटल बोर्ड आले, भिंती रंगल्या. पण त्या भीतीचा खरा परिणाम मी मे महिन्यात बघायचो. शिक्षक पट शोधायला वाड्यावाड्यांतून फिरायचे, पदरचे पैसे घालून दप्तर-वह्या द्यायचे, शेजारच्या वाडीतल्या पोरांसाठी रिक्षा लावायचे, आणि त्या शेजारच्या वाडीची शाळा पण झेडपीचीच! एका सरकारी शाळेने दुसऱ्या सरकारी शाळेची चार पोरं ओढली, इकडचं पद वाचलं, तिकडचं गेलं. शिकवण्यात काडीचा फरक नाही. भीतीने मास्तर पट सांभाळायला शिकला, वाचन-गणित सुधारायला शिकला असं माझ्या तरी बघण्यात नाही.

आणि सुधारायचं म्हटलं तर मुख्याध्यापकाच्या हातात आहे काय? खाजगी शाळेला शिक्षक आवडला नाही तर तो बदलता येतो, चांगला दिसला तर जास्त पगार देऊन ठेवता येतो. झेडपीच्या मुख्याध्यापकाला शिक्षक निवडता येत नाही, सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जो येईल तो. कोकणात तर येणारे बरेचसे घाटावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले. हे तरुण शिक्षक चांगले असतात, मन लावून शिकवतात पण, मात्र दोन-चार वर्षं झाली की आंतरजिल्हा बदलीचा अर्ज, आणि त्यांच्या जागी त्या वर्षी कोणी येतच नाही. आपला मुलूख सोडून राहायचं, म्हातारे आईबाप तिकडे, त्यांना तरी काय बोलणार. इथले डीएड झालेले स्थानिक तरुण मात्र बागेत फवारणी मारतायत नाहीतर गोव्यात कंपनीत आहेत. हा प्रश्न व्हाउचरने सुटत नाही, उलट ज्याच्या हातपायात बेड्या आहेत त्यालाच शर्यतीत उतरवून वर तो हरला म्हणून दंड लावल्यासारखं होतं.

पुढचा मुद्दा भूगोलाचा, जो शहरातल्या लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. व्हाउचर चालायचं तर जवळपास दुसरी दुकानं पाहिजेत. आपलं गाव म्हणजे गाव नाही, दहा-बारा वाड्या. मधे वहाळ-पऱ्या म्हणजे ओढे-ओहोळ, त्यांवर साकव, कुठे पाखाडी चढून जायची. पावसात साकव गेला की दोन वाड्यांचा संबंध तुटतो. खाडीपलीकडची शाळा इकडून दिसते, प्रार्थना ऐकू येते, पण जायचं तर होडी नाहीतर पुलावरून लांबचा वळसा. आरटीईच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये घर नकाशावर दाखवायचं असतं आणि १ किलोमीटर, ३ किलोमीटर असं अंतर बघतात. आता नकाशावर सरळ रेषेत खाडीपलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर, पण सहा वर्षांचं पोर काय पोहत जाणार?

शिवाय गिऱ्हाईकच आटतंय. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, राज्याची वाढत असताना. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. तेव्हाची ही गोष्ट, आता तर नवरा-बायको दोघं जातात आणि पोरं पण तिकडेच शिकतात, घर उघडतं गणपतीत आणि शिमग्यात. अशा ठिकाणी नवी खाजगी शाळा कोण काढेल? ती निघणार कुडाळात, कणकवलीत, चिपळुणात, रत्नागिरीत, हायवेला लागून, जिथे आधीच पाच शाळा आहेत. म्हणजे व्हाउचर हातात असलं तरी तुमच्या वाडीतल्या माणसाला खरेदी करायची म्हणजे व्हॅनच्या रस्त्यावर राहायला हवं. व्हॅनचे पैसे व्हाउचरमध्ये नसतात. आणि व्हॅन डांबरी रस्त्यापर्यंतच येते, पुढे पोराला उचलून आणणारा घरात कोणीतरी मोकळा लागतो. ज्याच्या घरात आजोबा आहेत नि टू-व्हीलर आहे त्याला निवड. जी बाई सकाळी सातला काजूच्या फॅक्टरीत जाते तिला कसली निवड?

परदेशाचं पण सांगतो, कारण तुम्ही विचारलंय. ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९५५ मध्ये मांडली, की सरकारने पैसे द्यावेत पण शाळा चालवायची गरज नाही. देशभर ती खऱ्या अर्थाने राबवली चिलीने, १९८१ पासून, पिनोशेच्या लष्करी राजवटीत. तिथे सरकारी शाळेत जाणारी पोरं जवळजवळ ऐंशी टक्के होती, पुढे ती चाळीसच्या खाली आली. खाजगी शाळा भरपूर निघाल्या. पण अभ्यासकांनी आकडे तपासले तर देशाचा सरासरी निकाल काही त्यामुळे वर गेलेला दिसला नाही, झालं काय तर बऱ्या घरची, हुशार पोरं खाजगीत सरकली आणि सरकारी शाळेत उरली गरिबांतली गरीब. शाळा पोरं निवडायला लागल्या, वरून फी पण घ्यायच्या. २००६ आणि २०११ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी २००८ मध्ये त्यांनी गरीब मुलामागे जास्त पैसे द्यायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये कायदा करून मुलं निवडणं, नफा काढणं, वरची फी हे हळूहळू बंद करायचं ठरवलं. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी. स्वीडनने १९९२ मध्ये केलं, तिथे २०१३ मध्ये शाळा चालवणारी एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो पोरांच्या शाळांचा प्रश्न एका फटक्यात उभा राहिला. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९० मध्ये गरिबांसाठी सुरू झालं, तेवढ्यापुरतं मला ते समजतं, पण ॲरिझोनाने २०२२ मध्ये सगळ्यांनाच दिलं आणि सुरुवातीला पैसे घेणाऱ्यांत बहुतेक अशांची पोरं निघाली जी आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती. लुईझियानात व्हाउचर घेऊन खाजगीत गेलेल्या पोरांचं गणित चक्क मागे पडलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्लोरिडात असं दिसलंय की खाजगीची भीती आली तेव्हा सरकारी शाळांचे निकाल थोडे वर गेले. थोडेच, पण गेले. आणि कुठे जास्त गेले? जिथे आजूबाजूला खाजगी शाळा जास्त आणि जवळ होत्या तिथे. आता तुमची वाडी डोळ्यासमोर आणा.

आपल्या देशातलं उदाहरण याहून महत्त्वाचं आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं एक प्रयोग झाला, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोघांनी केलेला, १८० गावांत. सरकारी शाळेतल्या पोरांच्या पालकांनी अर्ज केले, चिठ्ठ्या टाकून काहींना व्हाउचर मिळालं, काहींना नाही, आणि मग दोघांची तुलना. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोघांत काही फरक नाही! हिंदीत फरक पडला, कारण खाजगी शाळा हिंदी शिकवत होत्या आणि सरकारी शिकवत नव्हत्या. मागे सरकारी शाळेत राहिलेल्या पोरांचं ना भलं झालं ना वाईट. पण दुसरी बाजू पण बघा, खाजगी शाळा हेच सगळं सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्चात करत होत्या, आणि गणित-तेलुगूला कमी वेळ देऊन. व्हाउचरवाले हा दुसरा मुद्दा उचलतात, विरोधक पहिला उचलतात, दोघंही अर्धंच सांगतात. मला विचाराल तर स्वस्त पडण्याचं मोठं कारण तिथल्या शिक्षकाचा पगार. आपल्या तालुक्याच्या इंग्लिश मिडियममधल्या मॅडमना महिन्याला हातात किती पडतात ते एकदा विचारा, ओळखीच्या असतील तर सांगतील.

आता आपलं घरचं व्हाउचर, म्हणजे आरटीईचे २५ टक्के. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात विनाअनुदानित खाजगी शाळेने पहिल्या वर्गात पाव जागा दुर्बल आणि वंचित घरातल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने फीची भरपाई करायची. हे व्हाउचरच आहे, फक्त कागद पालकाच्या हातात नसतो. त्याचं आपल्याकडे काय झालं? सरकारने शाळांचे पैसे थकवले, राज्यभरात थकबाकी हजार कोटींच्या वर गेली. शाळा म्हणायला लागल्या आम्ही का सोसायचं. मग सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला, की खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथे २५ टक्के लागू नाही. म्हणजे योजना कागदावर जिवंत आणि जागा गायब. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती, १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, पुढे सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं. या सगळ्यात त्या वर्षीचे प्रवेश जुलैच्या शेवटापर्यंत लोंबकळले, शाळा जूनमध्ये सुरू झालेली. ज्या सरकारला पाव जागांचे १७,६७० वेळेवर देता येत नाहीत ते सगळ्या पोरांचं व्हाउचर दर जूनला देईल यावर माझा तरी विश्वास नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि फी माफ झाली म्हणजे शाळा फुकट होत नाही हे आरटीईत गेलेल्या पालकाला विचारा. गणवेश दोन प्रकारचे, बूट दोन प्रकारचे, पुस्तकं ठराविक दुकानातून, गॅदरिंगचे पैसे, व्हॅन. आणि आरटीई आठवीपर्यंतच. नववीला एक तर पूर्ण फी भरा नाहीतर गावच्या मराठी हायस्कूलला या. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेला पोरगा नववीला मराठीतून भूमिती करतोय, प्रमेय म्हणजे काय इथून सुरुवात, असली पोरं मी बघितली आहेत. हुशार होती, पण दहावीची दोन वर्षं झगडण्यात गेली.

हायस्कूलचा विषय निघालाच म्हणून. खाजगी संस्थेला सरकारी पैसा ही गोष्ट कोकणाला नवी नाही. ग्रँट इन एडची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. आपल्याकडची गावोगावची हायस्कूलं बहुतेक संस्थांचीच, मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून, चाकरमान्यांनी गिरणीच्या पगारातून पैसे घालून उभी केलेली, आणि मग सरकारच्या अनुदानावर चाललेली. कोकण बोर्ड झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला, २०२४ ला ९९.०१ टक्के. निकालाचा टक्का म्हणजे गुणवत्ता असं मी म्हणत नाही, पण ही पोरं मोठ्या संख्येने वाडीतल्या झेडपीतून चौथी-सातवी करून या अनुदानित हायस्कूलात गेलेली आहेत. खाजगी म्हटलं की वाईट असं माझं डोकं नाही. फरक एवढाच की अनुदानाबरोबर अटी होत्या, पगार सरकारी दराने, फी नाही, आरक्षण पाळा, तपासणीला तोंड द्या, आलेल्या पोराला नाही म्हणू नका. व्हाउचरची मागणी करणारे पैसा मागतात आणि अटी आल्या की ओरडतात.

सगळ्यात जास्त मला ज्यांची काळजी वाटते ती पोरं तुमच्या पटावर बहुतेक ३० सप्टेंबरला नसतात. देवगडात तुम्हाला सांगायला नको, दिवाळीच्या आसपास बागांत नेपाळी गडी येतात राखणीला, बायकापोरांसकट, आणि आंबा संपला की मे-जूनमध्ये जातात. चिरेखाणीवर विजापूरकडचे कानडी लोक येतात, पावसाळा संपल्यावर. त्यांची पोरं शाळेत येतात नोव्हेंबरात. त्यांच्याकडे जन्मदाखला नाही, आधार असलं तर नाव तिसरंच, उत्पन्नाचा दाखला देणार कोणता तलाठी. एका शाळेत तपासणीला गेलो तर मागच्या बाकावर तीन नेपाळी भावंडं, सगळ्यात मोठी मुलगी दोन महिन्यांत मराठी वाचायला शिकली होती, आणि शिक्षिका बाईंनी तिलाच धाकट्यांची दुभाषी केलं होतं, बाई मराठीत सांगणार, ती नेपाळीत. हजेरीच्या वहीत नावं पेन्सिलने लिहिलेली, कारण ऑनलाईन चढत नव्हती. या पोरांना व्हाउचर कोण देणार आणि कोणती खाजगी शाळा त्यांना नोव्हेंबरात बसवून घेणार? झेडपी शाळा नाही म्हणू शकत नाही, आणि तिचा खर्च मोजताना हे नाही न म्हणण्याचं मोल कोणी धरत नाही. शाळा बंद झाली तर तुमची १८ पोरं कशीतरी दुसरीकडे जातील, ही जाणार नाहीत, बागेतच राहतील.

म्हणून व्हाउचर कुठेच नको असं माझं म्हणणं आहे का? तसं नाही. रत्नागिरी शहरात, चिपळुणात, जिथे एका किलोमीटरमध्ये चार शाळा आहेत आणि त्यातली सरकारी खरंच वाऱ्यावर सोडलेली आहे, तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरीला निवड मिळाली तर मला आनंदच आहे. फक्त ते गरिबालाच मिळावं, शाळेने पोरं निवडायची नाहीत चिठ्ठी टाकायची, वरून पैसे मागायचे नाहीत, आणि दहावीपर्यंत चालावं. या चार अटी काढल्या की ते ज्याचं आधीच चांगलं चाललंय त्याला सबसिडी होतं.

आणि हो, मला दर वेळी ऐकावं लागतं, की तुम्ही मास्तर लोक स्वतःची पोरं कुठे घालता. बोलणं झोंबतं पण खरं आहे, झेडपीच्या शिक्षकांची बरीच पोरं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला आहेत, आणि गावकऱ्याने त्यावरून अंदाज बांधला तर त्याला दोष देता येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग तुमच्या गावाने करायचं काय. माझं मत असं की पहिली ते चौथी वाडीत, कितीही पट असो, दोन कायम शिक्षक, त्यातला एक तरी जिल्ह्यातला. पाचवीपासून पुढे केंद्रशाळा मोठी करा आणि गाडी द्या, तिथे माझा समूह शाळेला विरोध नाही, सहावी-सातवीत तीन पोरं घेऊन बसण्यात त्या पोरांचंच नुकसान आहे, ना खेळ होतो ना गटात काम. पण आधी गाडी, मग एकत्रीकरण, उलटं नाही. पालकाला पैसे द्यायचेच असतील तर ते फीसाठी नको, प्रवासासाठी द्या, कोकणात अडचण प्रवासाचीच आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत वाहतूक भत्ता आहे, वर्षाला ६,००० पर्यंत, शाळा ठरलेल्या अंतरात नसेल तर. रक्कम तुटपुंजी आणि येते उशिरा, पण चार घरांनी मिळून रिक्षा लावली तर थोडा हातभार लागतो.

तुम्ही समितीत आहात म्हणून कामाचं सांगतो. मुख्याध्यापकांकडून या वर्षीची संच मान्यतेची प्रत मागून घ्या, किती पदं मंजूर आणि किती भरलेली ते बघा, रिकामं असेल तर ग्रामसभेचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. आधार जुळत नाही म्हणून किती पोरं पटातून गळतायत ते विचारा, कारण स्पेलिंगच्या चुकीने १८ चे १६ होतात आणि ते ऑगस्टमध्ये दुरुस्त होतं, ऑक्टोबरमध्ये नाही. तुमच्या पंचक्रोशीतल्या बागायतदारांना सांगा की गडी आला की पोरांची नावं शाळेत कळवा. जाताना त्या पोरांना शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा, म्हणजे पुढच्या गावात वर्ग परत पहिल्यापासून नको. वाहतूक भत्त्याच्या यादीत कोणत्या वाड्या घातल्यात तेही बघा, त्या यादीत खाडीपलीकडची वाडी जवळची म्हणून सुटलेली असते, तिथे प्रत्यक्ष रस्त्याचं अंतर लिहून ग्रामपंचायतीचा दाखला जोडा.